वाचकांचे प्रश्न : रिकी नेल्सनने आपलीच गाणी पुन्हा का गायली?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली रिकी नेल्सनची जुनी एलपी आहे. तीच गाणी मोबाइलवरच्या ॲपवर लावली, तेव्हा गायक तोच, पण वाद्ये आणि आवाजाचा पोत निराळा वाटला. तबकडी जुनी झाल्यामुळे असे होते, की गाणीच वेगळी आहेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही. तबकडी झिजली की खरखर वाढते आणि बारकावे पुसट होतात, पण त्यामुळे वाद्ये बदलत नाहीत आणि गायकाचे वयही वाढत नाही. आपल्या तबकडीवरचे मुद्रण १९५७ ते १९६३ या काळातले, इम्पीरियल या कंपनीसाठी केलेले असावे. ॲपवर आपण जे ऐकले ते बहुधा १९८५ सालचे आहे. त्या वर्षी नेल्सनने आपली गाजलेली गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि ती 'ऑल माय बेस्ट' या नावाने सिल्व्हर ईगल या कंपनीतर्फे बाजारात आली. पहिल्या मुद्रणांच्या वेळी तो सतरा ते तेवीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या वेळी पंचेचाळीसच्या घरात. मधली दोन तपे त्याच्या गळ्यात उतरली आहेत आणि तीच आपल्याला ऐकू आली.

ज्या वाचकांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. नेल्सनचा जन्म ८ मे १९४० रोजी न्यू जर्सीतील टीनेक येथे झाला. वडील ऑझी वाद्यवृंदाचे संचालक होते आणि आई हॅरिएट गायिका होती. १९५२ ते १९६६ अशी चौदा वर्षे हे कुटुंब अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत स्वतःच्याच नावाने वावरत होते आणि १९५७ च्या एका भागात धाकट्या रिकीने गाणे म्हटले. पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट १९५८ रोजी, 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने 'हॉट हंड्रेड' ही यादी सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्यावहिल्या अंकात अग्रस्थानी 'पूअर लिटल फूल' हे त्याचेच गाणे होते. देखणा चेहरा आणि दर आठवड्याला घराघरांत दिसणे यांमुळे त्याला यश मिळाले, असे पुष्कळांनी लिहिले आहे. त्यात तथ्य आहेच, परंतु केवळ तेवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती मुद्रणे कान देऊन ऐकली तर त्यांतील वादन आजही थक्क करते.

याचे श्रेय बऱ्याच अंशी जेम्स बर्टन या गिटारवादकाला जाते. तो नेल्सनपेक्षा काही महिन्यांनीच मोठा होता. गिटारच्या जाड तारा बोटाने हव्या तशा ताणता येत नाहीत, म्हणून त्याने वरच्या तारांच्या जागी बँजोच्या पातळ तारा चढवल्या. त्यामुळे सूर खेचून वर नेणे आणि क्षणात खाली आणणे त्याला सोपे झाले. १९५८ च्या 'बिलीव्ह व्हॉट यू से' या गाण्यातला मधला तुकडा नीट ऐकावा, म्हणजे तारांचा तो ताण बोटाखाली जाणवावा इतका स्पष्ट कळतो. लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स ॲव्हेन्यूवरील मास्टर रेकॉर्डर्स या स्टुडिओत बनी रॉबिन या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली ही मुद्रणे होत असत. वादक एकाच खोलीत एकत्र वाजवत, त्यामुळे ढोलाचा आवाज थोडा गिटारच्या मायक्रोफोनमध्ये शिरे आणि गिटारचा थोडा ढोलाच्या. सगळे मिळून एकच घट्ट आवाज तयार होई. १९८५ च्या स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्ट्यावर नोंदवण्याची रीत पक्की झालेली होती. प्रत्येक आवाज स्वच्छ आणि सुटा असतो, पण सगळे एकाच दालनात वाजवत असल्याचा भास नाहीसा होतो. आपल्याला जाणवलेला पोताचा फरक मुख्यतः याचा आहे.

प्रश्न : गाणे गाजलेले, आवाज त्याचाच. मग जुनेच मुद्रण पुन्हा विकून त्याला पैसे मिळत नव्हते का? पुन्हा गाण्याचा खटाटोप कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही गीतकार-संगीतकाराची व त्यांच्या प्रकाशकाची, तर अमुक दिवशी अमुक स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण, म्हणजे ज्याला या व्यवसायात 'मास्टर' म्हणतात ते, बहुतेक करारांनुसार ध्वनिमुद्रिका कंपनीचे. स्टुडिओचे भाडे आणि वादकांचे मानधन कंपनी आगाऊ भरते, ते पैसे गायकाच्या हिश्शातून वळते करून घेते, आणि तरीही मास्टर कंपनीच्याच नावावर राहते. जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे.

नेल्सनच्या बाबतीत अडचण आणखी मोठी होती, कारण त्याची सुरुवातीची गाजलेली गाणी त्याने लिहिलेली नव्हती. 'पूअर लिटल फूल' शॅरन शीली हिचे, 'ट्रॅव्हलिन मॅन' जेरी फुलरचे आणि 'हॅलो मेरी लू' जीन पिटनीचे. अमेरिकेत आकाशवाणी केंद्रावर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, मात्र गायकाला आणि मास्टरच्या मालकाला त्या प्रक्षेपणाबद्दल काहीच मिळत नाही. जुन्या गाण्यांना वाहिलेल्या केंद्रांवर नेल्सनचा आवाज रोज कानावर पडत असे, पण त्या वाजण्याचा एक पैसाही त्याच्या हाती येत नसे. ही व्यवस्था मला तेव्हाही अन्यायाची वाटत आली आहे आणि ती आजही बदललेली नाही.

दरम्यान मास्टर हात बदलत राहिले. लू चड यांनी १९६३ मध्ये इम्पीरियल ही आपली कंपनी लिबर्टीला विकली, लिबर्टी पुढे युनायटेड आर्टिस्ट्समध्ये विलीन झाली आणि १९७९ मध्ये तो सगळा संग्रह ईएमआयकडे गेला. ज्या माणसांनी नेल्सनला करारबद्ध केले होते, त्यांच्यापैकी कोणी मालक म्हणून समोर उरले नव्हते.

अशा वेळी गायकाला एक वाट खुली असते. अमेरिकेतील १९०९ च्या कायद्यापासून अशी तरतूद आहे की, एखादे गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झाले की ठरलेली रक्कम भरून ते कोणालाही नव्याने मुद्रित करता येते. १९७७ अखेरपर्यंत ही रक्कम प्रतीमागे दोन सेंट इतकी होती. दुसरे असे की, ध्वनिमुद्रणाचा हक्क केवळ त्या विशिष्ट मुद्रणापुरताच असतो. स्वतंत्रपणे पुन्हा गाऊन-वाजवून केलेले मुद्रण जुन्याशी कितीही मिळतेजुळते असले, तरी त्या हक्काचा भंग होत नाही. त्यामुळे मूळ गायक तेच गाणे पुन्हा गाऊन स्वतःच्या अटींवर नवा मास्टर तयार करू शकतो आणि चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे हवे असणाऱ्याला जुन्याऐवजी तो देऊ शकतो. कंपन्यांना हे पक्के ठाऊक असल्यामुळे त्या करारातच बंदी घालतात. मुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षे किंवा करार संपल्यापासून दोन वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर तेच गाणे दुसऱ्या कोणासाठी गायचे नाही, हे तिचे दीर्घकाळ रूढ असलेले स्वरूप आहे.

एव्हर्ली बंधू या अमेरिकी गायक-जोडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६० मध्ये ते केडेन्स ही लहान कंपनी सोडून वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि १९६४ मध्ये त्यांनी केडेन्सच्या काळातील आपली गाणी वॉर्नरसाठी पुन्हा गायली. त्याच वर्षी केडेन्स बंद पडली आणि तिचे मास्टर अँडी विल्यम्स या, एके काळी त्याच कंपनीसाठी गाणाऱ्या गायकाने विकत घेतले. गायक पॉल अँका १९६२ मध्ये आरसीए या कंपनीकडे गेला आणि १९६३ मध्ये त्यानेही एबीसी-पॅरामाउंटच्या काळातील आपली गाणी नव्याने गायली. त्या वेळी तो अवघा एकवीस-बावीस वर्षांचा होता, म्हणजे 'जुनी गाणी' म्हणताना त्याच्या लेखी थोड्याच वर्षांपूर्वीची गाणी अभिप्रेत होती.

प्रश्न : स्वतःची गाणी पुन्हा गाण्याची कल्पना टेलर स्विफ्टने आणली असे आमच्या महाविद्यालयातील सगळे समजतात. ते बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कल्पना तिची नाही, हे वरील उत्तरावरून आपल्या ध्यानात आले असेल. मात्र तिने जे साधले ते आधीच्या कोणालाही साधले नव्हते. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर विकले गेले, २०२१ पासून तिने त्यांपैकी चार अल्बम पुन्हा गाऊन एकेक करून प्रसिद्ध केले, आणि आपण हे का करत आहोत हे तिने श्रोत्यांना उघडपणे सांगितले. श्रोत्यांनी जाणूनबुजून नवे मुद्रण निवडले. २०२५ मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले. पन्नास-साठच्या दशकांतील गायकांची पुनर्मुद्रणे मात्र अनेकदा कोणाला कळू नयेत अशा बेताने विकली गेली. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुन्हा गाण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो या वादापासून दूर आहे. नील सेडाकाचे 'ब्रेकिंग अप इज हार्ड टू डू' हे उडत्या चालीचे गाणे १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. तेच त्याने १९७५ मध्ये संथ लयीत, जवळजवळ विरहगीतासारखे गायले, आणि ते १९७६ च्या आरंभी पुन्हा पहिल्या दहांत पोहोचले. येथे नक्कल नव्हती. तिशी ओलांडलेल्या माणसाला त्याच शब्दांत वेगळे काही सापडले होते.

प्रश्न : 'गार्डन पार्टी' या गाण्यात नेल्सनने, केवळ आठवणीच गायच्या असतील तर त्यापेक्षा ट्रक चालवणे पत्करेन, अशा अर्थाचे म्हटले आहे. मग तेरा वर्षांनी त्याच आठवणी गाऊन विकणे म्हणजे स्वतःच्याच शब्दाला हरताळ फासणे नव्हे का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझे उत्तर 'नाही' असे आहे. त्याची कारणे सविस्तर मांडतो.

१५ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या रॉक अँड रोल गायकांचा मोठा कार्यक्रम झाला. नेल्सन तेथे लांब केस आणि त्या काळच्या फॅशनचे कपडे अशा वेशात आला. काही जुनी गाणी म्हटल्यावर त्याने रोलिंग स्टोन्सचे एक गाणे सुरू केले, आणि प्रेक्षागृहातून हुर्यो ऐकू येऊ लागली. पोलिस मागच्या बाजूला काही प्रेक्षकांना हटवत होते व ती हुर्यो त्यांना उद्देशून होती, असेही पुढे सांगितले गेले. कारण काहीही असो, ती आपल्यासाठीच आहे असे नेल्सनला वाटले आणि तो व्यासपीठ सोडून गेला. त्या अनुभवातून त्याने हे गाणे स्वतः लिहिले, आणि १९७२ मध्ये ते अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच्या गाजलेल्या गाण्यांपैकी शब्द आणि चाल दोन्ही त्याची असलेले हे ठळक उदाहरण. शिवाय ते त्याचे अखेरचे मोठे यश ठरले.

आता त्या ओळीचा रोख पाहावा. जुनी गाणी गाणार नाही, असे तो म्हणत नाही. केवळ तीच गावी लागली तर, असे म्हणतो. आपण आज जे आहोत ते ऐकायला कोणी तयार नसेल, तर या व्यवसायात राहण्यात अर्थ नाही, अशी त्याची तक्रार होती. आणि पुढची तेरा वर्षे त्याने त्या शब्दाला जागूनच घालवली. स्टोन कॅनियन बँड हा स्वतःचा संच घेऊन तो कंट्री आणि रॉक यांच्या सीमेवरचे संगीत करत राहिला. १९७७ मध्ये एपिक कंपनीसाठी त्याने नवा अल्बम केला. त्यानंतर मेम्फिसमध्ये त्याने त्याच कंपनीसाठी मुद्रित केलेल्या गाण्यांपैकी बरीचशी त्याच्या हयातीत बाहेरच आली नाहीत. १९८१ मध्ये कॅपिटलतर्फे आणखी एक नवा अल्बम निघाला, पण तोही फारसा खपला नाही. या सगळ्या काळात तो गावोगाव, लहानमोठ्या सभागृहांत आणि जत्रांत, वर्षभर कार्यक्रम करत होता. जो गायक नवे काही करायला तयार नसतो, त्याची ही लक्षणे नव्हेत.

१९८५ मध्ये त्याने जुनी गाणी पुन्हा मुद्रित केली, तेव्हा ती तो रोज रात्री गातच होता, आणि जुन्या मास्टरांवर त्याची मालकी नव्हती. आपण घडवलेल्या गाण्याची निदान एक आवृत्ती तरी आपल्या अटींवर असावी, असे वाटणे ही शरणागती आहे असे मी मानत नाही. उलट मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक त्याच्याकडे त्याचा भूतकाळ मागत होते आणि तो त्यांच्या मर्जीवर अवलंबून होता. स्टुडिओत त्या भूतकाळाकडे तो आपण होऊन गेला. मुद्रणे ऐकतानाही हे जाणवते. बर्टनचे गिटारवरचे प्रसिद्ध तुकडे नव्या वादकांनी आदराने जपले आहेत आणि नेल्सन सतरा वर्षांचा असल्याचा आव आणत नाही. 'लोन्सम टाउन' या संथ गाण्यात पोरवयीन दुःख होते, तेथे प्रौढ माणसाचा थकवा आला आहे. आणि स्पष्टच सांगायचे तर हे एक गाणे मला नव्या मुद्रणात अधिक खरे वाटते. द्रुत लयीतल्या गाण्यांच्या बाबतीत मात्र जुन्याला तोड नाही.

पुढे काय झाले असते, हे कळायला मार्ग राहिला नाही. ३१ डिसेंबर १९८५ रोजी अलाबामातील गंटर्सव्हिल येथील कार्यक्रम आटोपून नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या कार्यक्रमासाठी डॅलसला जात असताना, टेक्सासमधील डी कॅल्बजवळ त्याच्या डीसी-३ विमानाला आग लागली आणि त्यात तो, त्याच्या संचातील वादक व इतर सहप्रवासी असे सात जण मरण पावले. ज्या वर्षी त्याने हिशेब नव्याने मांडायला घेतला, त्याच वर्षी तो गेला. म्हणून 'ऑल माय बेस्ट'कडे त्याचा शेवटचा शब्द म्हणून पाहिले जाते. ते त्याला अभिप्रेत होते असे मानायला मात्र आधार नाही.

प्रश्न : मूळ मुद्रण कोणते आणि नंतरचे कोणते, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? तसेच जुन्या एलपीवरून डिजिटल प्रत करून ती महाजालावर टाकली तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वेष्टनावर किंवा ॲपमध्ये गाण्याच्या नावापुढे 'री-रेकॉर्डेड' असे छापलेले असेल तर प्रश्नच मिटतो. सीडीवर 'मूळ कलाकाराची नवी स्टिरिओ ध्वनिमुद्रणे' या अर्थाची इंग्रजी ओळ अगदी बारीक टाइपात असते, ती शोधावी. 'मूळ कलाकार' एवढेच ठळक छापलेले असेल तर सावध व्हावे, कारण कलाकार मूळ असला म्हणजे मुद्रणही मूळ असते असे नाही. वर्तुळातील पी या, ध्वनिमुद्रणाचा हक्क दाखवणाऱ्या चिन्हापुढचे वर्ष आणि मालकाचे नाव उपयोगी पडते, परंतु संकलनांवर अनेकदा संकलनाचेच वर्ष दिलेले असते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. १९५७-५८ ची नेल्सनची गाणी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो. तेव्हा 'पूअर लिटल फूल' ऐकताना ढोल एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात स्वच्छ वेगळे येत असतील, तर ते जुने मुद्रण नव्हे. नावावरूनही अंदाज येतो. १९६१ पासून त्याने 'रिकी'ऐवजी 'रिक' हे नाव लावले. अर्थात संकलने काढणारे हे पाळत नाहीत.

काही गायकांच्या बाबतीत ग्राहकाला निवडच नव्हती. फिलाडेल्फियाच्या केमिओ-पार्कवे कंपनीचे मास्टर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन क्लाइन यांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या कंपनीने ते दीर्घकाळ सीडीवर येऊ दिले नाहीत. बॉबी रायडेल आणि चबी चेकर या तिच्या गायकांची मूळ गाणी २००५ मध्ये मोठ्या संचाच्या रूपाने रीतसर प्रसिद्ध झाली. तोपर्यंत दुकानात मिळत ती बहुतेक त्यांनी पुन्हा गायलेली. एका पिढीने रायडेलला ऐकले ते असे.

प्रत करण्याबाबत भारतीय कायद्याची स्थिती अशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. 'हॅलो मेरी लू' १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे त्या मुद्रणावरील हक्क भारतात २०२१ अखेर संपला, तर १९८५ च्या मुद्रणावरील हक्क २०४५ अखेरपर्यंत राहील. परंतु शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो, आणि पिटनी यांचे निधन २००६ मध्ये झाल्यामुळे तो किमान २०६६ अखेरपर्यंत राहणार आहे. स्वतःला घरी ऐकण्यासाठी प्रत करण्यास कायद्याने खाजगी वापराची मुभा दिलेली आहे, ती आपण निःशंकपणे करावी. जुनी तबकडी प्रत्येक वेळी वाजवल्याने झिजते, हे लक्षात घेता ती करणे शहाणपणाचेही आहे. महाजालावर टाकणे मात्र वेगळे. तेथे रचनेच्या हक्कधारकाची परवानगी लागेल. शिवाय युरोपात १९६२ पर्यंतची मुद्रणे मुक्त झाली असली, तरी अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या कायद्याने १९५७ ते १५ फेब्रुवारी १९७२ यांमधील मुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण दिले आहे. त्यामुळे आपण टाकलेले गाणे तेथे दिसले, तर ते काढायला लावण्याचा अधिकार इम्पीरियलच्या मास्टरांच्या आजच्या मालकांना आहे.